मुरुम आणि वजन: घरगुती उपाय की डॉक्टरी औषध, हे ठरवायचं कसं?

कॉलेजात असताना चेहऱ्यावर लिंबू चोळायचा सल्ला मला जिने दिला, तिचा स्वतःचा चेहरा आरशासारखा नितळ होता. त्यामुळे सल्ला लगेच पटला. चार दिवसांत गालावर लाल चट्टे उठले आणि त्यांच्या जागी राहिलेले तपकिरी डाग मुरुमांपेक्षा जास्त काळ टिकले. तिचा चेहरा लिंबामुळे तसा नव्हता, मुळातच तसा होता, हे कळायला बरीच वर्षं गेली.

नंतर उलट दिशेची चूकही केली. ओळखीतल्या एकाने ‘मेडिकलमधलं’ म्हणून एक मलम दिलं. पंधरा दिवस चेहरा झकास. ट्यूब संपली आणि आठवड्याभरात आधीच्या दुप्पट पुटकुळ्या आल्या. रिकामी ट्यूब उजेडात धरून वाचली तेव्हा बारीक अक्षरांत क्लोबेटासोल लिहिलेलं दिसलं. हे तीव्र स्टेरॉइड आहे. सूज दाबतं म्हणून सुरुवातीला चेहरा छान दिसतो, पण त्वचा पातळ होते आणि स्टेरॉइडमुळेच मुरुम येतात.

एक उपाय झाडावरचा, दुसरा कारखान्यातला, आणि दोन्ही वेळा मी एकाच गोष्टीत चुकलो: वस्तू कुठून आली ते पाहिलं, ती करते काय ते विचारलं नाही. मुरुम आणि वजन या दोन तक्रारींत ही चूक सर्रास होते. दोन्ही दिसणाऱ्या, दोन्हींवर प्रत्येकाकडे सल्ला तयार, आणि दोन्हींत फरक पडायला इतका वेळ लागतो की मधल्या काळात माणूस चार उपाय बदलून मोकळा होतो. तेव्हा एखादा उपाय घ्यायचा की सोडायचा हे कसं ठरवायचं, ते पायरीपायरीने पाहू.

पायरी 1: आधी झालंय काय ते नक्की करा

मुरुम म्हणजे केसाच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीचा आजार. चार गोष्टी एकत्र येतात: तेल जास्त सुटतं, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू वाढतात, आणि शरीर सूज आणून प्रतिकार करतं. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो. छिद्र उघडं असल्यामुळे आतलं द्रव्य आणि मेलॅनिन हवेच्या संपर्कात येऊन काळवंडतं. म्हणून दिवसातून सहा वेळा तोंड धुवून ते जात नाहीत. उलट त्वचा चिडते.

आता आरशासमोर उभं राहून पाहा. काळे-पांढरे ठिपके आणि थोड्याच लाल पुटकुळ्या असतील तर प्रकार सौम्य. बऱ्याच लाल, पू भरलेल्या असतील तर मध्यम. त्वचेखाली दुखऱ्या गाठी असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर तो तीव्र प्रकार. अशा वेळी घरगुती उपायांवर तीन महिने घालवू नका, थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मुरुम आज ना उद्या जातात, खड्डे राहतात.

काही वेळा तो मुरुम नसतोच. कपाळावर किंवा पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील तर केसांच्या मुळाशी झालेला बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि तो अँटिबायोटिकने वाढतो. एकही ब्लॅकहेड नसताना नाक-गाल सतत लाल राहत असतील तर रोझेशिया या वेगळ्या त्वचाविकाराची शक्यता असते.

वजनाचंही तसंच. काट्यावरचा आकडा एकटा फारसं सांगत नाही. मेजर टेप घ्या आणि श्वास सोडून, पोट आत न ओढता कंबरेचा घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, ही सोपी कसोटी आहे. मग स्वतःला विचारा: वजन कधीपासून वाढलं? त्याआधी एखादं नवं औषध सुरू झालं होतं का? स्टेरॉइडच्या गोळ्या, इन्सुलिन, फिट्सवरचं वॅल्प्रोएट आणि मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात. असं असेल तर औषध परस्पर बंद करू नका. पर्याय आहे का, हे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

आणि बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) मुळात 18.5 ते 25 च्या आत असेल, तर वजन उतरवण्याचं कुठलंही औषध, चूर्ण किंवा कॅप्सूल तुमच्यासाठी नाही. खाण्याचा विचार दिवसभर डोकं पोखरत असेल, खाऊन ओकारी काढावीशी वाटत असेल, तर प्रश्न वेगळा आहे आणि तो आधी डॉक्टरांपुढे मांडायला हवा.

दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर आणखी एक शक्यता तपासा. पाळी अनियमित, हनुवटी-जबड्यावर मुरुम, चेहऱ्यावर जाड केस आणि वाढतं वजन, हे सगळं एकाच बाईमध्ये दिसत असेल तर पीसीओएस हा हार्मोन्सचा विकार असू शकतो. तिथे चेहऱ्याला एक मलम आणि पोटाला एक चूर्ण अशी वेगवेगळी ठिगळं लावण्यात अर्थ नाही. मूळ हार्मोन्सच्या आणि इन्सुलिनच्या गडबडीत आहे.

पायरी 2: प्रत्येक उपायाला चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: मात्रा किती? टी ट्री ऑइल (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल) मुरुमांवर चालतं हे खरं, पण ज्या चाचणीवरून आपण तसं म्हणतो, ती 5 टक्के तेलाच्या जेलची होती. बाटलीतलं शुद्ध तेल 100 टक्के असतं. ते तसंच चेहऱ्यावर लावणं ही वेगळीच गोष्ट झाली.

दुसरा: कशाशी तुलना केली? इथेच बहुतेक दावे गडगडतात. गार्सिनिया कॅम्बोजियाचं उदाहरण घ्या. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 135 लोकांना 12 आठवडे कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. निम्म्यांना या फळाचा अर्क दिला, उरलेल्यांना तशीच दिसणारी पोकळ, म्हणजे औषध नसलेली गोळी. अर्कवाल्यांचं वजन सरासरी 3.2 किलोने उतरलं. एवढंच सांगितलं तर कोणीही बाटली विकत घेईल. पण पोकळ गोळीवाल्यांचं सरासरी 4.1 किलोने उतरलं होतं. दोन गटांत सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण फरक नव्हता. काम आहाराने केलं होतं. ‘मी घेतलं आणि मला फरक पडला’ हे वाक्य ऐकलं की मला हे दोन आकडे आठवतात.

मुरुमांत तर ही फसगत आणखी सोपी आहे. ते आपोआप कमी-जास्त होतात, आणि आपण उपाय शोधायला निघतो तेव्हा नेमके सगळ्यात जास्त असतात. त्यानंतर काहीही लावा, थोडं बरं वाटणारच.

तिसरा: फरक पडतो, पण किती? व्हिनेगरने वजन ‘कमी होतं’ आणि सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाने वजन ‘कमी होतं’ ही दोन वाक्यं दिसायला सारखी आहेत. पहिल्यात 12 आठवड्यांत एक-दोन किलो, दुसऱ्यात 68 आठवड्यांत शरीराच्या वजनाच्या सुमारे 15 टक्के.

चौथा: नाही चाललं तर गमावणार काय? फक्त वेळ, की त्वचा, यकृत, मूत्रपिंड? 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या एका उपचारात चिनी वनस्पती दिल्या गेल्या. त्यांत अ‍ॅरिस्टोलोकिया ही वनस्पती मिसळली गेली आणि सुमारे शंभर स्त्रियांच्या मूत्रपिंडांना कायमची इजा झाली. वनस्पती शंभर टक्के नैसर्गिक होती. आणि प्रयोगशाळेतल्या औषधांचीही गय नको: सिब्युट्रामिन हे वजनाचं रीतसर मंजूर औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून 2010 मध्ये युरोप-अमेरिकेतून हटवलं गेलं. गंमत म्हणजे, त्यानंतर तेच सिब्युट्रामिन ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूलमध्ये चोरून घातलेलं वारंवार सापडलं आहे. एखादी ‘हर्बल’ गोळी दोन दिवसांत भूक मारून टाकत असेल, छाती धडधडायला लागली असेल, तर झाडाला श्रेय देऊ नका. गोळी बंद करा.

पायरी 3: मुरुमांसाठी काय निवडावं

सौम्य मुरुमांसाठी दुकानात सहज मिळणारे दोन-तीन घटक पुरतात, आणि माझ्या मते सुरुवात त्यांच्यापासूनच करावी. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं आणि त्याला जिवाणू सरावत नाहीत. 2.5, 5 आणि 10 टक्के अशा ताकदींत ते मिळतं, 2.5 टक्के जवळपास तेवढंच काम करतं आणि त्याने त्वचेची तेवढी आग होत नाही, म्हणून 10 च्या मागे लागू नका. ट्यूब उष्णतेत ठेवू नका. आणि रंगीत कापडापासून जपा: माझ्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा पांढरा डाग अजून आहे. सॅलिसिलिक अ‍ॅसिड 0.5 ते 2 टक्क्यांत छिद्रातलं बूच सैल करतं, त्यामुळे ब्लॅकहेड जास्त असतील तर ते बरं.

अ‍ॅडापालिन हे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं जेल मुळावर काम करतं, म्हणजे नवं बूच बसूच देत नाही. लावण्याची पद्धत महत्त्वाची. रात्री तोंड सौम्य फेसवॉशने धुवा, टॉवेलने टिपा, पूर्ण कोरडं होऊ द्या. वाटाण्याएवढं जेल बोटावर घ्या. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्या आणि तिथून सगळीकडे पसरवा. फक्त पुटकुळीवर ठिपका ठेवून उपयोग नाही, कारण पुढच्या महिन्याचा मुरुम आज कोऱ्या दिसणाऱ्या त्वचेखाली तयार होतोय. डोळ्यांच्या, नाकाच्या आणि ओठांच्या कडा सोडा. वर मॉइश्चरायझर लावा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग रोज. सकाळी सनस्क्रीन. सुरुवातीचे काही आठवडे त्वचा सोलते आणि कधी मुरुम वाढल्यासारखे वाटतात. नव्वद टक्के लोक इथेच सोडतात असं म्हणायचा मोह होतो, पण तो आकडा माझ्या ओळखीच्या लोकांवरून काढलेला आहे, तेव्हा सोडून देऊ. गरोदरपणात किंवा गर्भधारणेची तयारी असताना या घराण्यातलं काहीही नको; तिथे अझेलेइक अ‍ॅसिड हा चांगला पर्याय आहे.

आता घरगुती आणि वनस्पतीजन्य उपाय. यांच्यात सगळ्यात भक्कम बाजू टी ट्री ऑइलची. 1990 मध्ये 124 रुग्णांवर 5 टक्के टी ट्री जेल आणि 5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरुम कमी केले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण त्रास कमी झाला. म्हणजे बेन्झॉइल पेरॉक्साइडने ज्यांची त्वचा भाजल्यासारखी होते त्यांनी याचा जरूर विचार करावा. तयार 5 टक्क्यांचं जेल मिळालं तर उत्तम. घरी करायचं तर 1 थेंब तेलाला 19 थेंब साधं, बिनवासाचं जेल, एवढं हे प्रमाण पातळ आहे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेत सलग तीन-चार दिवस लावून पाहा. खाज, पुरळ आली तर विषय संपला. जुनं, हवा लागलेलं तेल अ‍ॅलर्जी जास्त करतं. आणि हे तेल पोटात गेलं तर विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

कोरफडीचा गर आग शमवायला ठीक, मुरुमांवरचा एकटा उपाय म्हणून त्याच्याकडून फार अपेक्षा नको. मधाचंही तेच. खोबरेल तेल अनेकांची छिद्रं बुजवतं, तेव्हा मुरुम असलेल्या चेहऱ्यावर नको. टूथपेस्ट नको. खायचा सोडा नको: त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5 च्या आसपास, आणि सोडा अल्कधर्मी असल्याने तिचं संरक्षक आवरण बिघडवतो. लिंबाचा पीएच दुसऱ्या टोकाला, 2 च्या आसपास. शिवाय त्यातली काही द्रव्यं उन्हाशी संयोग झाला की त्वचा अक्षरशः भाजतात. माझे ते तपकिरी डाग बहुधा त्याचेच.

जस्ताच्या गोळ्या हा मधला मार्ग. 2001 मध्ये 332 रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोज 30 मिलिग्रॅम जस्त आणि 100 मिलिग्रॅम मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक यांची तुलना झाली. जस्ताने फरक पडला, पण अँटिबायोटिकने जास्त. मळमळ हा त्याचा नेहमीचा त्रास. प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा 40 मिलिग्रॅम. महिनोन्‌महिने त्याहून जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं.

यापुढचं सगळं डॉक्टरांच्या हातचं. पोटातून घ्यायचं डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक तीन-चार महिन्यांपुरतं असतं आणि सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड लावायचं असतं, नाहीतर जिवाणू औषधाला सरावतात. कुणी वर्षभर नुसतं अँटिबायोटिक देत असेल तर दुसरा डॉक्टर गाठा. ही गोळी ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिकेला जखम होते. स्त्रियांसाठी गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन हेही पर्याय असतात.

आयसोट्रेटिनॉइन या तीव्र मुरुमांवरच्या पोटातून घ्यायच्या औषधाबद्दल लोक घाबरतात, आणि एका बाबतीत रास्त घाबरतात. गर्भावर त्याचे परिणाम भयंकर आहेत. उपचारात आणि नंतर किमान एक महिना गर्भधारणा होता कामा नये. ओठ फुटतात, रक्तातली चरबी आणि यकृत तपासावं लागतं, मनःस्थितीवर लक्ष ठेवावं लागतं. पण गाठींच्या, खड्डे पाडणाऱ्या मुरुमांवर याच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि बऱ्याच जणांचे मुरुम एका कोर्सनंतर परत येत नाहीत. ‘केमिकल नको’ म्हणून अशा मुरुमांवर दोन वर्षं लेप लावत बसणं हा मला दोहोंपैकी मोठा धोका वाटतो.

पायरी 4: वजनासाठी काय निवडावं

इथे पाया एकच: खाण्यातले उष्मांक थोडे कमी, प्रथिनं आणि तंतू पुरेसे, आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, आणि झोप. हे वाचून कंटाळा येतो, मान्य. पण पुढचे बरेचसे उपाय, मग ती मुळी असो वा इंजेक्शन, यावर बसवूनच तपासले गेले आहेत. सहा महिन्यांत वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरलं तरी रक्तदाब आणि साखरेत फरक दिसतो.

वनस्पतीजन्य आणि घरगुती उपायांतले बरेचसे निरुपद्रवी आणि किरकोळ असतात. जेवणाच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी पिण्याने थोडी मदत होते. ग्लुकोमॅनन हा कंदातला तंतू पोटात फुगतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 मध्ये त्याचा दावा मान्य केला तो अटींसह: दिवसाला 3 ग्रॅम, तीन भागांत, जेवणाआधी, एक-दोन ग्लास पाण्यासोबत, आणि आहार कमी ठेवून. पाणी कमी पडलं तर तो घशातच फुगतो, म्हणून गिळायला त्रास असणाऱ्यांनी लांब राहावं.

व्हिनेगरची हवा फार आहे. 2024 मध्ये एका अभ्यासाने त्याने तीन महिन्यांत 6 ते 8 किलो उतरतात असं सांगितलं आणि ते जगभर छापून आलं. आकडेवारीवर शंका आल्याने नियतकालिकाने 2025 मध्ये तो अभ्यास मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी किती जणांनी वाचली असेल? उरला तो जुना, एक-दोन किलोंचा पुरावा. प्यायचंच असेल तर भरपूर पाण्यात. दातांचं आवरण झिजतं.

ग्रीन टी कपातून प्या, खुशाल प्या. कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे. तिच्यातल्या ईजीसीजी या घटकाची मात्रा दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त झाली की यकृतावर ताण आल्याची लक्षणं रक्ततपासणीत दिसतात, असं त्याच युरोपीय संस्थेने 2018 मध्ये नोंदवलं. लेबलवर ईजीसीजीचा आकडाच नसेल तर ती बाटली परत ठेवा. एफेड्रा नावाच्या वनस्पतीची पूरकं अमेरिकेने 2004 मध्ये बंद केली, कारण हृदयाचे झटके. ‘चरबी जाळणारं’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा फक्त नाडी पळवत असतं.

डॉक्टरी बाजूला ऑर्लिस्टॅट हे औषध आतड्यातली सुमारे 30 टक्के चरबी शोषू देत नाही. फायदा माफक, पोकळ गोळीपेक्षा तीनेक किलो जास्त, आणि तेलकट खाल्लं की शौचाला अशी घाई होते की पुढच्या वेळी माणूस आपसूक सांभाळून खातो. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडू नयेत म्हणून मल्टीव्हिटॅमिन रात्री झोपताना घ्यायचं.

सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनाने चित्र बदललं. 1,961 लोकांवरच्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं. पोकळ इंजेक्शनवर 2.4 टक्के. टिर्झेपटाइड या त्याच धर्तीच्या इंजेक्शनाचा आकडा याहून मोठा, 72 आठवड्यांत सर्वाधिक मात्रेला सुमारे 21 टक्के. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता सुरुवातीला बहुतेकांना होते. स्वादुपिंडाचा दाह, पित्ताशयातले खडे हे धोके आहेत. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झाला असेल तर हे औषध नको. आणि सुरू करण्याआधी हा प्रश्न विचारा: बंद केल्यावर काय? सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. म्हणजे लग्नसराईआधी तीन महिने घ्यायची ही वस्तू नाही. रक्तदाबाच्या गोळीसारखा लांबचा विचार करूनच हात लावायचा.

पायरी 5: दोन्हींची सरमिसळ तपासा

बहुतेक लोक एक बाजू निवडत नाहीत, दोन्ही एकत्र चालवतात. त्यात वाईट काही नाही, पण डॉक्टरांना न सांगता नको. सेंट जॉन्स वर्ट ही मन हलकं करणारी म्हणून घेतली जाणारी वनस्पती गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करते. तीच बाई आयसोट्रेटिनॉइन घेत असेल तर काय होऊ शकतं, याचा विचार करा. टिर्झेपटाइडही गर्भनिरोधक गोळीचं शोषण कमी करतं. डॉक्सिसायक्लिनसोबत जस्त, लोह किंवा कॅल्शियम घेतलं तर ते एकमेकांना पकडून ठेवतात आणि औषध वाया जातं. मध्ये काही तासांचं अंतर हवं. आयसोट्रेटिनॉइनवर असताना अ जीवनसत्त्वाची पूरकं बंद. ऑर्लिस्टॅट आणि थायरॉइडची गोळी यांतही अंतर लागतं.

कधी एका तक्रारीवरचा उपाय दुसरीचं कारण बनतो. वजनासाठी व्हे प्रोटीन सुरू केलं आणि महिन्याभरात पाठीवर मुरुम आले, ही तक्रार त्वचारोगतज्ज्ञांना ओळखीची आहे. समुद्री शेवाळाच्या ‘स्लिमिंग’ गोळ्यांत आयोडीन असतं. ते जास्त झालं तर मुरुमांसारखं पुरळ येतं आणि थायरॉइडही बिघडतं. केस-त्वचा-नखांच्या गोळ्यांतलं बायोटिन जास्त मात्रेत असेल तर थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. वजन का वाढतंय म्हणून रक्त द्यायला जाताना प्रयोगशाळेला हे सांगा.

उलट, एक गोष्ट दोन्हींना उपकारक ठरू शकते: रक्तातली साखर झटकन वाढवणारे पदार्थ कमी करणं. ऑस्ट्रेलियात 43 तरुणांवर 12 आठवडे असा प्रयोग झाला, 2007 मध्ये. मुरुमही कमी झाले, वजनही. चाचणी छोटी आहे, वजन उतरल्यामुळे मुरुम गेले की साखर कमी केल्यामुळे हेही तिच्यातून सुटं करता येत नाही. पण चौथ्या प्रश्नाचं (नाही चाललं तर गमावणार काय?) उत्तर इथे इतकं स्वस्त आहे की मी हे करून पाहायला सांगेन.

पायरी 6: वही घ्या आणि एकाच गोष्टीचा नीट प्रयोग करा

एका वेळी एकच बदल. नवं फेसवॉश, नवं जेल आणि दूध बंद, हे तिन्ही सोमवारी सुरू केलं तर फरक कशाने पडला ते देवालाही सांगता येणार नाही.

मुरुमांसाठी: दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, समोरून आणि दोन्ही बाजूंनी असे तीन फोटो काढा. लाल पुटकुळ्या मोजा आणि आकडा लिहा. लावायचा उपाय असेल तर चेहऱ्याचा एक अर्धा भाग त्याला द्या, दुसरा तसाच ठेवा; दोन-तीन आठवड्यांत निदान त्रास कोणत्या बाजूला होतो ते कळतं. फायद्याचा निकाल मात्र 8 ते 12 आठवड्यांआधी लावू नका.

वजनासाठी: सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी. रोज लिहा, पण पाहायची ती आठवड्याची सरासरी. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून हुरळून जाऊ नका. शरीरातल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या, दर ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी असतं. साठा वापरला की ते पाणी जातं, आणि जेवण पूर्ववत झालं की परतही येतं. कुठलंही ‘सात दिवसांत’ वालं चूर्ण याच पाण्यावर पैसे कमावतं. खारट जेवण, पाळीचे दिवस यांनीही काटा किलोभर सहज हलतो.

प्रयोग सुरू करण्याआधीच वहीत दोन ओळी लिहा: कोणत्या तारखेला निकाल लावणार, आणि काय झालं तर ताबडतोब थांबणार. थांबण्याच्या यादीत हे हवंच: डोळे पिवळे किंवा लघवी गडद होणं, पोटात सतत दुखणं, छातीत धडधड, चेहरा सुजणं, मन एकदम खचणं.

पायरी 7: डॉक्टरांकडे जाताना

पिशवी घ्या आणि घरातलं सगळं तिच्यात टाका: जेल, मलमं, कॅप्सूल, चूर्णाची पुडी, प्रोटीनचा डबा, अर्ध्या वापरलेल्या ट्यूबसुद्धा. नावं आठवून सांगण्यापेक्षा लेबलं दाखवणं बरं, कारण आपण नेमकं तेच सांगायचं विसरतो ज्याला आपण औषध मानत नाही. वही आणि फोटो दाखवा. विचारायचं ते असं: हे किती दिवसांत लागू पडायला हवं? नाही पडलं तर पुढे काय? बंद केल्यावर काय होतं? गर्भधारणेचा विचार असेल तर तो न विचारता आपणहून सांगा. मी चालवत असलेला घरगुती उपाय याच्यासोबत चालू ठेवला तर चालेल का, हेही सरळ विचारा. बहुतेक डॉक्टर चिडत नाहीत. एक चिडले होते. मी पुढच्या वेळी दुसरीकडे गेलो, तीच पिशवी घेऊन.